मेसची फाईल कोणी पुसली?

मागच्या भागानंतर दोन-तीन जणांनी विचारलं, की सर्व्हर सुरक्षित कसा ठेवायचा हे नेहमी सांगतोस, तुझ्या स्वतःच्या हातून काही झालंय का? झालंय. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला असताना झालंय, आणि त्यात एका ज्युनियरला विनाकारण त्रास झाला. त्याला विचारूनच आज सांगतोय. "नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग," म्हणाला.

एक अडचण आहे. विषय कोडचा आहे आणि कोड तोंडी सांगायचाय, त्यामुळे चिन्हं शब्दांत सांगेन. लिहून काढतानाही तसंच ठेवलंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. वेब सर्व्हर म्हणजे काय, तर एक डीमन. डीमन म्हणजे मशीन चालू असेपर्यंत मागे गुपचूप चालू असणारा प्रोग्रॅम. त्याच्यासमोर स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. नेटवर्कवरून कोणी काही मागितलं की द्यायचं, एवढंच काम. एचटीटीपीडी या नावातला शेवटचा डी या डीमनचाच. अगदी साधा विचार केला तर तो फाईल उचलतो आणि जशी आहे तशी पाठवतो. त्या फाईलमध्ये काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेच्या एचटीटीपीडीमध्ये एक सोय आली. सर्व्हर साईड इन्क्लूड्स, थोडक्यात एसएसआय. पुढे १९९५मध्ये याच सर्व्हरवर पॅचेस लावत लावत अपाची तयार झाला आणि ही सोय त्यातही आली. आजही आहे. सोय अशी, की फाईल पाठवण्याआधी डीमन ती वाचतो. मजकुरात कुठे विशिष्ट खूण दिसली तर तिथे थांबतो, त्या जागी लिहिलेली आज्ञा पाळतो आणि आज्ञेच्या जागी उत्तर भरून पान पुढे पाठवतो.

ही खूण कशी? लेस-दॅनचं चिन्ह, उद्गारचिन्ह, दोन डॅश, आणि त्यांना चिकटून हॅश. हॅशला चिकटून आज्ञेचं नाव. शेवटी दोन डॅश आणि ग्रेटर-दॅन. ज्यांना एचटीएमएल येतं त्यांच्या लक्षात आलं असेल, की ही एचटीएमएलमधली कॉमेंटच आहे, फक्त आत हॅश आहे. त्यामुळे सर्व्हरने ती वाचली नाही तरी बिघडत नाही, ब्राउझर तिला कॉमेंट समजतो आणि दाखवत नाही.

आज्ञा मोजक्याच. इन्क्लूड म्हणजे दुसरी फाईल इथे आणून चिकटव. इको म्हणजे तारखेसारखी एखादी किंमत छाप. एफ-लास्ट-मॉड म्हणजे फाईल शेवटची कधी बदलली ते सांग. आणि एक आहे एक्झेक. एक्झेक-सीएमडी म्हणजे पुढे अवतरणात जे लिहिलंय ते शेलमध्ये चालव आणि जे उत्तर येईल ते इथे लिही. शेलमध्ये, म्हणजे तुम्ही टर्मिनलवर बसून जे टाइप करता ते सगळं.

आता हॉस्टेलवर येऊ.

आमच्या मेसमध्ये खाड्यांचा हिशेब वहीत असायचा. जे कधी मेसला नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. घरी जाणार असाल तर आदल्या दिवशी खाडा टाकायचा, मग तेवढ्या दिवसांचे पैसे महिन्याच्या बिलातून वजा होतात. वहीवरून दर महिन्याला भांडणं. मी म्हटलं, मी ऑनलाइन करून देतो. डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये एक जुनं मशीन होतं, त्यावर अपाची होता. पीएचपी नाही, डेटाबेस नाही, आणि सर म्हणाले, "नवीन काही इन्स्टॉल करायचं नाही, आहे त्यात कर."

आहे त्यात एसएसआय होतं. मला ते फार आवडलं, अजूनही आवडतं. पानाचा वरचा भाग एका फाईलमध्ये, मेन्यू एका फाईलमध्ये, आजचं जेवण एका फाईलमध्ये, आणि प्रत्येक पानात एकेक ओळ इन्क्लूडची. मेस सेक्रेटरीने नोटपॅडमध्ये "आज पिठलं-भाकरी" लिहून सेव्ह केलं की साईटवर पिठलं-भाकरी. खाडे एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये, एका खाड्याला एक ओळ. पहिल्या पानावर "उद्याचे खाडे इतके" असा आकडा हवा होता, कारण त्यावरून पोळ्या किती करायच्या ते ठरायचं. त्यासाठी मी एक्झेक वापरलं. ओळी मोजायची आज्ञा थेट पानात. एका ओळीत काम झालं, मला कोण आनंद!

मग कोणीतरी म्हणालं, तक्रारपेटी पण टाक. टाकली. फॉर्म भरला की एक छोटी स्क्रिप्ट यायची, वेळ आणि मजकूर एका फाईलच्या शेवटी जोडायची आणि "धन्यवाद" दाखवायची. तक्रारींचं पान म्हणजे तीच फाईल.

चूक कुठे झाली ते इथेच सांगून टाकतो. प्रत्येक फाईलला वेगळं एक्स्टेन्शन देत बसण्यापेक्षा मी अख्ख्या फोल्डरला सांगितलं होतं, की यातली प्रत्येक एचटीएमएल फाईल एसएसआयसाठी वाच. तक्रारींची फाईलही त्याच फोल्डरमध्ये. म्हणजे एकाच फाईलमध्ये हॉस्टेलमधला कोणीही लिहू शकत होता, आणि त्याच फाईलमधल्या आज्ञा सर्व्हर पाळत होता. त्यात अपाचीमध्ये नुसतं "इन्क्लूड्स" चालू केलं की एक्झेकही चालू होतं. "इन्क्लूड्स-नो-एक्झेक" नावाचा वेगळा पर्याय आहे. तो घेतला असता तर माझं ओळी मोजणं बंद पडलं असतं, म्हणून मी तिकडे बघितलंही नाही.

सेकंड इयरचा एक मुलगा होता, शांत, सगळं खोदून बघणारा. एके दिवशी मेसच्या रांगेत मागे उभा होता. म्हणाला, "दादा, तक्रारपेटीत मी तारखेची कमांड टाकून बघितली. तक्रारीच्या जागी तारीख आली. म्हणजे कोणीही काहीही चालवू शकतो." मी म्हटलं, "हो का? बघतो." सबमिशन्स चालू होती. बघितलं नाही.

पण तो बघत होता. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी लॅबमध्ये आला की तक्रारींचं पान उघडायचा, मी दुरुस्त केलंय का ते पाहायला. हे मला नंतर कळलं.

गणपती झाले. अर्धं हॉस्टेल घरी जाऊन आलेलं, म्हणजे खाडेच खाडे. एका सकाळी सातला मेसवाल्या काकांनी पहिलं पान उघडलं, आकडा बरोबर होता. साडेआठला परत उघडलं तर शून्य. खाड्यांची फाईल रिकामी. अख्ख्या महिन्याचे खाडे गेले. बॅकअप नव्हता. वही मीच बंद करायला लावली होती.

सरांनी साईट बंद करायला सांगितली आणि लॉग काढायला लावला. मी काढला. सात ते साडेआठमध्ये तक्रारींचं पान एकदाच उघडलं गेलं होतं, ७ वाजून ५० मिनिटांनी, लॅबमधल्या एका पीसीवरून. फाईलची शेवटची बदललेली वेळ पण तीच, ७:५०. लॅबच्या रजिस्टरमध्ये त्या पीसीसमोर या मुलाची सही. मागचे दिवस पाहिले तर तोच पीसी, तेच पान, पुन्हा पुन्हा. म्हणजे पाळत ठेवून होता, असाच अर्थ लागला सगळ्यांना.

सरांनी मला विचारलं, "तुझ्या कोडमध्ये काही गडबड असू शकते का?"

मला ती मेसची रांग आठवली. आणि मी म्हणालो, "नाही सर, लॉग क्लिअर आहे."

मी स्वतःला सांगितलं, की त्यानेच सांगितलं होतं ना कमांड चालते म्हणून, मग त्यानेच चालवली असेल. आपलं झाकायचं असलं की असली कारणं लगेच सुचतात. त्याची लॅब त्या सेमिस्टरपुरती बंद झाली, तशी नोटीस बोर्डावर लागली आणि रेक्टरनी त्याच्या घरी फोन केला. त्याने सगळ्यांसमोर एवढंच सांगितलं, "मी फक्त पान उघडलं." आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही.

आता इथे तांत्रिक भाग नीट ऐका, कारण सगळं यातच आहे. फाईलमध्ये पेरलेली आज्ञा लिहिताना चालत नाही. ती तिथे पडून राहते. कोणीतरी पान उघडतो, डीमन फाईल वाचायला घेतो, तेव्हा ती चालते. आणि दर वेळी कोणी उघडलं की पुन्हा चालते. म्हणजे लॉगमध्ये, फाईल बदलल्याच्या वेळेला, जो माणूस दिसतो तो वाचणारा असतो. लिहिणारा कधीच येऊन गेलेला असतो. आणखी एक. पान ब्राउझरमध्ये उघडून सोर्स पाहिला तरी आज्ञा दिसत नाही, कारण सर्व्हरने ती आधीच काढून तिथे उत्तर भरलेलं असतं. फाईल रिकामी करणारी आज्ञा काहीच छापत नाही. त्यामुळे तिथे दिसते फक्त एक रिकामी तक्रार. मी तपासताना ब्राउझरमध्येच पाहिलं होतं. रिकामी तक्रार दिसली, म्हटलं कोणीतरी चुकून बटण दाबलं असेल. खरं तर तेव्हा मी स्वतः तीच आज्ञा पुन्हा चालवली होती. फाईल आधीच रिकामी, म्हणून काही कळलं नाही.

मेस सेक्रेटरी दोन दिवस खोल्याखोल्यांत फिरला. तू किती खाडे टाकले होते, तू किती? कोणी खरं सांगितलं, कोणी दोन वाढवून सांगितले, त्यावरून वाद. शेवटी सगळं परत टाइप केलं. संध्याकाळी सरांनी रेक्टरना बोलावलं, साईट चालू केली आणि दाखवू लागले. हे पहिलं पान, हा खाड्यांचा आकडा, ही तक्रारपेटी. तक्रारींचं पान उघडलं, परत पहिल्या पानावर आले. आकडा शून्य.

खोलीत आम्ही चौघं. तो मुलगा लॅबच्या जवळपासही नव्हता. लॉग काढला असता तर त्यात ती वेळ आणि पीसी सरांचाच आला असता.

तेव्हा मी बोललो. रांगेत त्याने सांगितलं होतं तेही, आणि मी "बघतो" म्हणून बघितलं नाही तेही. सर काही रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, "फाईल ब्राउझरमध्ये नको, टर्मिनलवर उघड." उघडली. त्या रिकाम्या तक्रारीच्या जागी पूर्ण ओळ होती, एक्झेकची. शेजारी माझ्याच स्क्रिप्टने लिहिलेली वेळ, रात्री १ वाजून १२ मिनिटं. लॅब रात्री आठलाच बंद होते. लॉगमध्ये त्या वेळेला हॉस्टेलच्या वायफायचा पत्ता होता, जो सगळ्यांचा एकच. कोणी लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याची बंदी उठली, तशी दुसरी नोटीस लागली. पण घरी गेलेला पहिला फोन काही परत घेता येत नाही. त्याचे वडील गावाहून येऊन गेले होते तोपर्यंत. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, बग होता ते ठीक आहे. मी सांगितलं होतं हे तरी सांगायचं होतं."

आता दुरुस्ती काय केली, ते सांगतो, कारण तिथेही मी आधी चुकलो.

पहिल्यांदा मी स्क्रिप्टमध्ये एक गाळणी लावली, की तक्रारीत "हॅश एक्झेक" दिसलं तर काढून टाक. सर म्हणाले, आज एक्झेक काढशील, इन्क्लूडचं काय? तो दुसरी कुठली फाईल पानात ओढून आणेल. वाईट गोष्टींची यादी करून गाळणं पुरत नाही, याचं एक जुनं उदाहरण नोंदवलेलं आहे, सीव्हीई-१९९९-१०५३. गेस्टबुक नावाची पर्लमधली स्क्रिप्ट होती. ती लोकांच्या मजकुरातून कॉमेंटच्या सुरुवातीच्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंतचा भाग काढून टाकायची. ऐकायला पक्कं वाटतं. पण अपाची १.३.९ शेवटच्या खुणेच्या बाबतीत तेवढा काटेकोर नव्हता, दुसऱ्या प्रकारे संपवलेली आज्ञाही तो चालवून घ्यायचा. गाळणीला जी आज्ञा वाटली नाही, ती सर्व्हरला वाटली. दोन प्रोग्रॅम एकच मजकूर वेगवेगळा वाचत असले की मधल्या फटीतून माणूस आत येतो.

मग नीट दुरुस्ती केली. चार गोष्टी.

एक, लोकांच्या मजकुरातलं प्रत्येक लेस-दॅनचं चिन्ह त्याच्या एचटीएमएल एन्टिटीत बदलायचं. ते ब्राउझरमध्ये तसंच दिसतं, पण त्यातून आज्ञा सुरू होऊ शकत नाही.

दोन, लोक लिहितात ती फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये, जिथे एसएसआय बंदच. फाईल साध्या टेक्स्टची. तिथे कोणी काहीही लिहू दे, ती फक्त वाचली जाते.

तीन, इन्क्लूड्स-नो-एक्झेक. मग माझ्या मोजणीचं काय? दर दहा मिनिटांनी क्रॉन ओळी मोजतो आणि आकडा एका छोट्या फाईलमध्ये लिहितो, पान ती फाईल इन्क्लूड करतं. म्हणजे आज्ञा कधी चालायची ते मी ठरवतो, पान उघडणारा नाही. मोजणी पानातून बाहेर काढायला पंधरा मिनिटं लागली. हीच पंधरा मिनिटं वाचवण्यासाठी मी शेलचं दार उघडं ठेवलं होतं.

चार, परवानग्या. अपाची ज्या युजरच्या नावाने चालतो, आमच्याकडे डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू-डेटा, त्याच युजरला खाड्यांची फाईल लिहिता येत होती. पेरलेली आज्ञा त्याच युजरच्या अधिकारात चालते. त्यामुळे त्याला खाडे फक्त जोडता येतील, पुसता येणार नाहीत असं केलं, आणि रोज रात्री बॅकअप.

कोणी म्हणेल, आता एसएसआय कोण वापरतं? वापरतात. इंजिनएक्समध्येही एसएसआय आहे. फक्त त्यात इन्क्लूड, इको, इफ वगैरे आहे, एक्झेक ठेवलेलंच नाही. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. आणि एसएसआय सोडा, डिसेंबर २०२१ आठवा. लॉगफोरजे. सीव्हीई-२०२१-४४२२८. जावाच्या त्या लायब्ररीचं काम फक्त लॉग लिहिणं. पण लॉगमध्ये डॉलर आणि महिरपी कंस असं काही दिसलं की ती त्याचा अर्थ लावायची, आणि जेएनडीआयमार्फत बाहेरच्या सर्व्हरकडून कोड आणून चालवण्यापर्यंत मजल जायची. लॉगमध्ये मजकूर कोणाचा? ज्याने लॉगिनच्या चौकटीत नाव टाइप केलं त्याचा. पहिली दुरुस्ती, २.१५.०, पुरी पडली नाही. २.१६.०मध्ये मेसेजमधले असे लुकअप काढूनच टाकले आणि जेएनडीआय बंद ठेवलं. त्या आठवड्यात आम्ही ऑफिसमध्ये रात्री जागून व्हर्जन्स तपासत होतो, आणि मला सारखी ती तक्रारपेटी आठवत होती. चूक तीच. ज्या फाईलमध्ये परकं कोणीही लिहू शकतं, तिच्यातल्या आज्ञा पाळायच्या नसतात.

त्यामुळे आता कुठल्याही सिस्टिमकडे बघताना मी दोनच प्रश्न विचारतो. हा मजकूर कोण लिहू शकतं? आणि हा मजकूर वाचून कोण काय करतं? दोन्हींच्या मध्ये माझा माणूस किंवा माझी गाळणी नसेल, तर तिथे तक्रारपेटी आहे असं समजतो.

आणि तिसरी सवय. कोणी ज्युनियर येऊन म्हणाला, "दादा, इथे काहीतरी चालतंय," तर "बघतो" म्हणत नाही. त्याच्यासमोर तिकीट उघडतो, त्यात त्याचं नाव आणि तारीख लिहितो. उद्या काही झालं, तर आधी कोणी सांगितलं होतं याची नोंद राहावी म्हणून.

तुमच्याकडे जुनं अपाची कुठे चालू असेल, तर आजच कॉन्फिग उघडून "इन्क्लूड्स" शोधा. नो-एक्झेक नसेल तर का नाही, ते विचारा. भेटू पुढच्या भागात.